नवलनानांची रजा

फैजपूरला महावीरशेठच्या केळी पिकवायच्या थंड खोलीत मी पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर बसवला. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. माझ्या लॅपटॉपवरून त्यात शिरायचं, प्रोग्रॅम सुरू करायचा. मग तो मुकाट तापमान बघतो, पंखे चालू-बंद करतो. सहा वर्षं हे काम नवलनाना करत होते, एक रजा न घेता. केळीला हात लावून ताप बघायचे, लेकराचा बघावा तसा.

नरडाण्याला त्यांच्या नातीचं बारसं होतं. शेठ सोडेनात. मीच छाती ठोकून म्हटलं, हा कॉम्प्युटरचा डबा सांभाळेल, नानांना जाऊ द्या. माल बिघडला तर नवलने पुन्हा रजेचं नाव काढायचं नाही, असं शेठनी बजावलं. नाना पहाटे गेले. मी प्रोग्रॅम सुरू केला, लॅपटॉप मिटला आणि जळगावची बस धरली.

यावलच्या स्टँडवर मोबाइल पाहिला, तर तापमानाची नोंद सकाळी आठ चाळीसला थांबलेली. मी लॅपटॉप मिटला तीच वेळ. अगं बाई! प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपच्या जोडणीवर सोडला होता. जोडणी तुटली, तोही मेला. मी असो-नसो, तू चालवत राहा, हे डब्यालाच सांगून ठेवायचं असतं. मेली माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

आल्या पावली परतले. खोली बावीस अंशांवर, हवी सतरा. या वेळी प्रोग्रॅम डब्यातच आपला आपण चालत राहील असा बसवला, लॅपटॉप मिटला. पंखे घुमत राहिले. तरी पाय निघेना, तिथंच बसले. अंधुक उजेड, गोड जड वास. डोळे मिटले की वाटायचं, अख्खी खोली तापीवरून होडीसारखी संथ चाललीय, आणि हिरवी केळी झोपेतच पिवळी होताहेत. आकडा उतरत सतरावर कधी आला, कळलं नाही.

शेठनी येऊन विचारलं, डबा आहे तर तू का बसलीस? मी सगळं खरं सांगितलं. नवलला परत बोलवायला त्यांनी खिशातून फोन काढला, तोच नानांचा व्हिडिओ कॉल आला. पाळणा, हसणाऱ्या बाया, बाळाच्या कानाशी वाकलेली आत्या. नानांचे डोळे भरलेले.

"शेट, खोली बरी शे ना? नहीतर मी येस."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. माझा जीव टांगणीला.

"बठ्ठं बरं शे, नवल. दोन दिन थांब."

सगळं बरं आहे, म्हणाले शेठ! मला रडूच फुटलं. शेठ जैन, दिवस बुडाल्यावर त्यांच्याकडे कुणी जेवत नाही. त्यांनी घरी आपल्या आईला, सायरबाईंना, फोन लावला आणि सांगितलं, सूर्य मावळायच्या आत या पोरीसाठी एक ताट इथं पाठव.