पंतोजीची रजा

काचेच्या नळीवरच्या चिकटपट्टीचं एक टोक सुटलं होतं, पण तिच्यावरचं पंतोजीचं अक्षर मात्र तसंच, टपोरं, रेघेवर नेमकं बसवलेलं — तारीख, क्रमांक, खाली बारीक रेघ. तिनं अंगठ्यानं ते टोक दाबलं. ते पुन्हा उठलं. पुन्हा दाबलं... नळीतल्या वीसपंचवीस फळमाश्या कापसाच्या बुचाखाली गोळा झाल्या होत्या, कुणी बाहेर काढतंय का बघत असल्यासारख्या.

पंतोजी रजेवर जाऊन अकरा दिवस झाले होते. सगळ्यांच्या प्रबंधातलं शुद्धलेखन सुधारायचा म्हणून प्रयोगशाळेत त्याला पंतोजी म्हणत. तो आणि ती एकाच वर्षी पीएचडीला लागलेले, एकाच टेबलाच्या दोन टोकांना चार वर्षं बसलेले. त्या दिवशी तो हात धुवायला बेसिनपाशी गेला आणि नळ तसाच सोडून खाली फरशीवर बसला. रडू लागला, तो थांबेचना. मग काय! दोघांच्या मार्गदर्शक मॅडमनी स्वतः त्याला उठवलं, केबिनमध्ये नेलं, दार लावून घेतलं. डॉक्टरांची चिठ्ठी आली : सहा आठवडे विश्रांती. "तब्येत आधी, काम नंतर," मॅडम सगळ्यांना म्हणाल्या — आणि हे वाक्य त्यांच्या तोंडून तिनं चार वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. गेल्या वर्षी ती अंगात ताप घेऊन माश्या मोजत होती, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मास्क लाव हं, बाकीच्यांना नको व्हायला."

"आणि त्याच्या तीनशे नळ्या?" कुणीतरी विचारलं.

"ही आहे ना," मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ही आपला खांब आहे."

खांबाला कुणी विचारत नाही, बाबा रे, तुझी पाठ दुखते का म्हणून.

पोटात दुखत होतं — सरळच म्हणायचं तर हेच. त्याचा शोधनिबंध छापून आला तेव्हाही दुखलं होतं. पण ते चारचौघांसारखं, पेढा मागून विसरता येण्याजोगं. हे लाजिरवाणं होतं. माणसाच्या आजाराचा कुणी हेवा करतं? आज सकाळी न्हाणीघरात तीही फरशीवर बसली, ठरवून, भिंतीला पाठ लावून... काही आलं नाही. फरशी गार लागली, उठली, नऊच्या आत कामावर हजर. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. पण रडता यायला हवं ना. धाकटीला यायचं. धाकटी मुसमुसली की आई तिच्या उशाशी, आणि शेजारच्या काकूंना कौतुकानं सांगणार, "थोरलीचं मला काही बघावं लागत नाही हो" — ते कौतुक अजून अंगावर आहे, शाळेच्या गणवेशासारखं, काखेत काचणारं.

चौथ्या ट्रेमध्ये तिला ते दिसले. काचेवर पिठाचे कण असावेत तसे, पण सरकणारे. किडे. एका नळीतून दुसरीत जातात आणि बघता बघता सगळा ट्रे संपवतात. पंतोजीची दोन वर्षं त्या ट्रेमध्ये होती. करायचं काय ते तिला पाठ होतं : ट्रे वेगळा काढायचा, धडधाकट माश्या नव्या नळ्यांत घ्यायच्या, तीन तासांचं काम. तिनं ट्रे उचलला... आणि परत फळीवर ठेवला. दिसलंच नाही म्हटलं तर? तीनशे नळ्या आणि करणारी एकटी. कोण काय बोलणार! — आणि त्या क्षणी, अकरा दिवसांत प्रथमच, तिला बरं वाटलं. ते बरं वाटणं ओळखून ती इतकी दचकली, की ट्रे घाईघाईनं पिशवीत बांधून तिनं कोपऱ्यात सरकवला. नळ्या मात्र बदलल्या नाहीत. सरळ त्याच्या घरी निघाली. त्यालाच सांगावं. त्याचा चेहरा पडलेला बघायचा होता का? ...असेल.

दार त्याच्या ताईनं उघडलं. "ये गं. तुझी आठवण काढतो सारखी."

तो खिडकीशी मटार सोलत बसला होता. दाढी वाढलेली, कुर्ता उलटा घातलेला.

"चार नंबरच्या ट्रेत किडे झालेत," ती उभ्याउभ्याच म्हणाली.

"बरं."

"बरं काय? दोन वर्षं आहेत तुझी त्यात."

"टाकून दे." शेंग त्याच्या हातातच राहिली. "खरंच टाकून दे. त्या माश्या आठवल्या तरी छातीत धडधडतं माझ्या." मग तो तिच्याकडे बघत राहिला, दुसऱ्याच्या लिखाणातली चूक सापडल्यावर बघायचा तसा. "तुझे हात कधीपासून कापतात गं?"

तिनं हात पाठीमागे घेतले. "चहा जास्त झाला आज."

"मलाही चहाच वाटायचा," तो म्हणाला.

ताई बस म्हणत होती. ती बसली नाही.

जिन्यात मात्र थांबली. राग यावा म्हणून तिनं सगळं पुन्हा उगाळलं — ते बंद दार, ती चिठ्ठी, सहा आठवडे... काही पेटेना. इतके दिवस सकाळी अंथरुणातून आपल्याला उठवत होता तो हा हेवाच, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. आणि हेवा निघून गेल्यावर मागे जे उरलं होतं त्याला ती नाव द्यायला धजत नव्हती. कठडा धरून ती एकेक पायरी उतरली. डावीकडे प्रयोगशाळा, उजवीकडे घर. रस्ता रोजच्या पायाखालचा. तरी फाटकाशी ती उभीच राहिली, आणि आपल्याला कुणीतरी हाताला धरून न्यावं — कुठेही — असं तिला इतकं लख्ख वाटलं, की तिनं लाजून आजूबाजूला पाहिलं.