वीतभर वाढलेली साखळी

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. कुणाला बांधणारी नव्हे, जमीन मोजणारी. शंभर कड्या, शंभर फूट आणि दोन्ही टोकांना पितळी मुठी. हल्ली मी एका खोलीत खिळ्याला लटकत असते, पण माझा जीव थाऱ्यावर नाही.

कारखान्यातून मी थेट एका मोजणीदाराच्या हाती आले. माणूस मोठा काटेकोर. रोज सकाळी कचेरीच्या आवारातल्या दोन दगडांमध्ये मला ताणून बघायचा आणि मगच कामाला निघायचा. साहेब त्याच्या मोजणीची तारीफ करत, तेव्हा लोखंडाची असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग शहराच्या नकाशाचं काम निघालं. मोजणी पुलापासून सुरू व्हायची होती. पहिल्याच दिवशी तिथे एक गाडी चिखलात रुतली. आत एक अडलेली बाई विव्हळत होती. दोर तुटला, तेव्हा मोजणीदाराने मागचापुढचा विचार न करता मलाच गाडीला बांधलं. चौघांनी जोर लावला. गाडी निघाली, पण माझ्या कड्या ताणल्या गेल्या आणि मी वीतभर लांब झाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांची घाई होती, म्हणून त्याने मला तपासलं नाही. पुढे ते राहूनच गेलं. तीन महिने मी चुकीचं मोजत होते आणि आतल्या आत तडफडत होते. नकाशा चुकला, लोक त्याला 'अंदाजे मोजणीदार' म्हणू लागले. तो खचला. मला घरी आणून त्याने खिळ्याला टांगलं, ती मी आजवर तिथेच.

त्याची मुलगी आता सत्तरीची आहे. गेल्या आठवड्यात तिच्याकडे इतिहासाची एक संशोधक आली. शहरातल्या बुजलेल्या विहिरी ती शोधत होती. तिने लॅपटॉपवर उपग्रहाने टिपलेल्या शहराच्या चित्रावर तो जुना नकाशा ठेवला.

"आजी, पूल जुळतो, पण पुढचं सगळं अलीकडेच थांबतं. हा नकाशा मला वगळावा लागणार."

"वगळ हवं तर. पण माझे बाबा अंदाजाने मोजणारे नव्हते."

मी खिळ्यावर नुसती तळमळत होते. अगं, मला मोज ना!

संशोधक पडद्याकडे बघत राहिली. "मैलाला चाळीस फूट. प्रत्येक दिशेला तेवढाच फरक. अंदाजाची चूक अशी हिशेबात नसते. आजी, त्यांची साखळी आहे का हो?"

दोघींनी मला व्हरांड्यात ताणलं, शेजारी टेप धरली. वीतभर जास्त! तिने कॉम्प्युटरला तो फरक सांगितला आणि नकाशा पसरून जागच्या जागी बसला. रस्ते, गिरणी, शाळा आणि मैदानाखाली बुजलेली विहीर. म्हातारीने डोळ्यांना पदर लावला.

"मी लिहीन, चूक साखळीची होती," संशोधक म्हणाली.

"आणि ती रोज तपासायची असते, बाबांनी तपासली नाही, तेही लिही. ते असते तर त्यांनीच लिहायला लावलं असतं. पण ही ताणली कशाने गं?"

"ते नाही कळायचं, आजी."

मित्रांनो, मला ते ठाऊक आहे आणि मला तोंड नाही! जुन्या वस्तू जपा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या वापरणारी माणसं आहेत तोवर त्यांच्यापाशी बसा, विचारा, लिहून ठेवा. माझ्या मोजणीदाराला कुणी विचारलंच नाही.