सात रडके चेहरे

विमानाच्या दाराशी आमच्या कंपनीने एक स्क्रीन लावलाय. उतरताना प्रवाशाने हसरा नाहीतर रडका चेहरा दाबायचा. काल मी विमान उतरवलं आणि सात रडके चेहरे मिळाले. तेवढ्यावरून आज मला वरिष्ठांच्या खोलीत उभं केलं.

या वरिष्ठ कॅप्टनना सगळे 'लोणी' म्हणतात, कारण त्यांचं विमान टेकलेलं कळतच नाही. माझ्या बढतीची फाइल त्यांच्यापुढे होती. सही झाली की मी कॅप्टन, नाहीतर आणखी वर्षभर सहवैमानिक.

"आपटलंत तुम्ही," ते म्हणाले. "माफीचं पत्र लिहा, मी सही करतो."

माझं डोकंच फिरलं. अलगद उतरवणं मला येत नाही की काय? आमच्या दोन पंख्यांच्या विमानात इंजिनाची शक्ती एकदम काढली की पंखेच वारा अडवतात आणि विमान धपकन बसतं. म्हणून ती थोडी थोडी काढायची, नजर धावपट्टीच्या टोकाकडे ठेवायची, नाक हलकेच उचलून धरायचं. कोरड्या, लांब पट्टीवर मी हे रोज करते, तेव्हा एकही माणूस कौतुकाला येत नाही. पण काल पट्टी आखूड होती, वर पाणी साचलेलं. तिथे अलगद उतरायला गेलं तर निम्मी पट्टी हवेतच सरते आणि चाकं पाण्यावर घसरतात. तिथे चाकं ठरल्या जागी दाबूनच टेकवायची. हे मला शिकवलं कुणी? याच लोणीसाहेबांनी.

"सर, कालच्या नोंदी उघडा," मी म्हटलं. "माझी आणि तुमचीही. माझ्याआधी तासभर तुम्ही त्याच पट्टीवर उतरला होतात."

त्यांनी नाखुशीनेच उघडल्या. मी तीनशे मीटरवर टेकले होते आणि थांबले तेव्हा पुढे साडेचारशे मीटर शिल्लक होते. साहेब अर्धी पट्टी ओलांडून टेकले होते. त्यांच्यापुढे उरले होते चाळीस मीटर, आणि त्यापलीकडे नाला.

"पण तक्रार एकही नाही," ते म्हणाले.

"नसणारच. तुमच्या विमानात माझी आई होती. तिनेही हसरा चेहरा दाबला."

त्यांनी माफीपत्रासाठी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर मी दोन्ही आकडे लिहिले, खाली सही केली आणि सुरक्षा विभागात देऊन पोच घेतली. माझी फाइल सहीविनाच ड्रॉवरमध्ये गेली. माझी चूक एवढीच, की मी बरोबर उतरले.

संध्याकाळी आईचा फोन आला. "अगं, त्या साहेबांनी काय अलगद उतरवलं विमान. शिकून घे जरा त्यांच्याकडून. आणि परतीचं तिकीट त्यांच्याच विमानाचं मिळतं का बघ ना."

"नाही," मी म्हटलं. "परत तू माझ्या विमानाने यायचं. दणका बसेल, पण घरी पोचशील."