सव्वा वॅटाचा हिशोब

बपेरा गावात कुणी घनश्यामला न विचारता शेकोटी पेटवली तरी त्याला राग यायचा. तुमसरच्या राइस मिलमध्ये त्यानं तीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. ऊब म्हटली की ती आपल्याच अखत्यारीतली, असं त्याचं ठाम मत.

त्यामुळे नागपूरच्या जावयाचा, भूपेंद्रचा, फोन आला तेव्हा तो खूशच झाला. "मामाजी, बाळ दीड महिन्याचं आहे. खोलीत पंचवीस डिग्री असेल तर रिताला महिनाभर ठेवतो. नाहीतर त्याच गाडीनं परत नेईन. थर्मामीटर माझाच आणतो."

घनश्यामच्या बायकोनं, देवकाबाईंनी, नातीला एकदाच पाहिलं होतं, दवाखान्यात, तेही काचेआडून. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

घनश्यामनं टेप काढून बाळासाठीची खोली मोजली. दहा फूट बाय आठ, उंची दहा: आठशे घनफूट. घनफुटाला सव्वा वॅट, हा त्याचा घरचा नियम. त्यानं हजार वॅटचा ऑइल हीटर आणला आणि दोन दिवस चालवून पाहिला. मिलमधून आणलेल्या जुन्या थर्मामीटरचा काटा पंचविसावर जाऊन बसला. हे त्यानं गावभर सांगितलं.

शनिवारी तो बाळाची मच्छरदाणी आणायला तुमसरला गेला, आणि नेमका त्याच दिवशी खरेदी केंद्रावर त्यांच्या धानाचा नंबर लागला. देवकाबाईंनी खोलीतली पोती उचलवली, झाडून-पुसून खोली आरशासारखी केली.

रविवारी सकाळी सहाला काटा अठरावर होता. घनश्यामनं प्लग हलवून पाहिला, मग हीटर विकणाऱ्याच्या कुळाचा उद्धार केला.

"अजी," देवकाबाई दारातून म्हणाल्या, "खोली तुमी भिंतीपासून मोजली होती का पोत्यायपासून?"

घनश्यामनं पुन्हा टेप काढला. दिवाळीनंतर दरवर्षी त्या खोलीत छतापर्यंत धान रचलेलं असायचं, आणि त्या पोत्यांना तो भिंतच समजत आला होता. आठ फुटांची खोली निघाली सोळा फुटांची. म्हणजे दोन हजार वॅट लागणार. तुमसरचं दुकान दहाला उघडणार आणि जावई आठला येणार.

"मी काहून उचलवले जी पोते," म्हणताना देवकाबाईंचे डोळे भरले.

"तुही नाही, माही चूक होय." तीस वर्षांत हे वाक्य घनश्यामच्या तोंडून निघालं नव्हतं. त्याला खरोखर वाईट वाटलं. मग त्यानं वर छताकडे पाहिलं. "हीटर वाढत नाही तं खोली कमी करू."

त्यानं धान झाकायची ताडपत्री काढली आणि चारी भिंतींना खिळे ठोकून ती बरोबर पाच फुटांवर ताणली. सोळा गुणिले दहा गुणिले पाच: पुन्हा आठशे.

आठला गाडी आली. सहा फुटी भूपेंद्र दारातच थबकला.

"मामाजी, हे काय?"

"छत."

"इतकं खाली?"

"पोरगी दोन फुटाची हाय, जवाईबापू. तिच्या हिशोबानं उंचच हाय."

भूपेंद्र कमरेत वाकून आत शिरला आणि थर्मामीटर ठेवून उकिडवा बसला. दहा मिनिटांनी त्यानं आकडा पाहिला. पंचवीस. त्यानं थर्मामीटर झटकून पुन्हा पाहिलं. पंचवीसच.

"पण महिनाभर असं वाकून राहायचं?"

"तुमाले कायले वाका लागते? तुमी तं आजच नागपूरले परत जाऊन राहिले."

रिताला हसू आवरेना. देवकाबाईंनी यातलं काहीच ऐकलं नाही. त्यांच्या मांडीवर नात होती, आणि त्यांना उठून उभं राहायचंच नव्हतं.