पंखाखालचं नाव

हेमंतातलं ऊन मोठं लबाड. कोल्हापूरच्या उद्यमनगरावर ते अवतरतं तेव्हा सुवर्णस्नात, सोज्ज्वळ, सात्त्विक असतं. फाउंड्यांच्या धुराड्यांमधून खाली येईतो काजळतं. आणि पत्र्याच्या भोकांतून भुईवर पडतं तेव्हा त्याचे नुसते ठिपके उरलेले असतात. त्या ठिपक्यांना ऊब नसते. दिसायला मात्र भारी दिसतात.

मार्गशीर्षातल्या अशाच एका सकाळी, रणनवऱ्यांच्या फाउंडरीमागच्या लांबलचक शेडमध्ये, ते ठिपके एका विमानाच्या अंगावर खेळत होते. सागवानी कण्याचं विमान. शिवणी लाकडाच्या बरगड्यांचं, पातळ प्लायवूडच्या कातडीचं, चंदेरी कांतीचं विमान. एकाहत्तरच्या युद्धात ज्यानं आभाळ चिरत नेलं, त्या चिमुकल्या, चपळ, चवताळत्या नॅटची ही पूर्णाकृती प्रतिमा. ते उडणार नव्हतं. नाक्यावरच्या चौथऱ्यावर बसणार होतं, आणि युद्धाला पंचवीस वर्षं पुरी होतील त्या दिवशी त्याच्यासमोर फीत कापली जाणार होती.

हे विमान घडवलं भैरू सुतारानं. वय वर्षं त्र्याहत्तर. पाठीला बाक, पण हाताला कंप नाही. हा माणूस पॅटर्नमेकर. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना लागतो. त्या नमुन्याचा ठसा वाळूत उमटवतात आणि ठशात धगधगता, लालबुंद, लाव्हासारखा रस सोडतात. तो नमुना घडवण्यात भैरूची पन्नास वर्षं गेली. अख्ख्या उद्यमनगरात त्याच्या मापाला कुणी बोट लावलं नव्हतं.

अकरा महिने राबला बिचारा. चैत्र पालवला तेव्हा कणा उभा राहिला, आषाढ कोसळला तेव्हा पंख फुटले, शारदीय चांदणं शेडच्या दारात येऊन थबकलं तेव्हा अंगावर चंदेरी रंग चढला. एक छदाम मागितला नाही. मागितलं ते एवढंच, की पंखाखाली माझ्या उत्तमचं नाव राहू द्या.

उत्तम त्याचा एकुलता एक लेक. हवाईदलात फिटर. विमान उडवणारा नव्हे हो, उडवणाऱ्याच्या हाती विमान धड देणारा. बावीस वर्षांचा, बोलक्या डोळ्यांचा, तेलकट बोटांचा. आणि विमान उडवणारे होते ते फ्लाइट लेफ्टनंट उदयसिंह रणनवरे, याच फाउंडरीच्या मालकांचे थोरले बंधू. एकाच गावचे दोघे, एकाच विमानाचे दोघे. युद्धाच्या पाचव्या दिवशी विमानाच्या काचेच्या झाकणाला तडा गेलेला दिसला. उत्तमनं ते काढलं, नवं बसवलं, अंगठा वर करून साहेबांना निरोप दिला. साहेब गेले ते परत आले नाहीत. का आले नाहीत ते कुणालाच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तळावर बॉम्ब पडले, आणि हातात पाना असतानाच उत्तमही गेला.

पुढे साहेबांचा फोटो चौकात लागला, रस्त्याला नाव लागलं, दर वर्षी हार चढला. उत्तमची नुसती ट्रंक घरी आली. देह आला नाही, दगड बसला नाही, पाटी लागली नाही. फिटरचं कोण कशाला काय लावतंय!

म्हणून तर भैरूनं ते मागितलं. आणि धाकटे मालक सर्जेराव रणनवरे, स्मारक समितीचे अध्यक्ष, दहा जणांसमोर बोलून गेले होते, "मिस्त्री, दादाचं नाव कॉकपिटखाली, तुमच्या उत्तमचं पंखाखाली. शब्द दिला."

घरी हौसाबाई. उत्तमची आई. तिला लिहिता-वाचता कधीच येत नव्हतं. आता तर काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले होते. रोज तिन्हीसांजेला नवऱ्याची पावलं अंगणात वाजली की ती विचारायची, "अवं, पंख झाला का? नाव कवा कोरतासा?" एक दिवस भैरू म्हणाला, "कोरलं बघ." पॅटर्नमेकरची अक्षरं खोल नसतात, लाकडातून वर उठलेली असतात, डोळे नसले तरी बोटाला लागतात. उत्तम भैरू सुतार. जाईच्या कळीएवढा उठाव, काठाला कुठं कूस नाही. "पयला हात तुझाच," त्यानं सांगितलं. त्या रात्री म्हातारी भाकर खायची विसरली. पंचवीस वर्षं जिच्या हाताला त्या ट्रंकेपलीकडे मुलाचं काहीसुद्धा लागलं नव्हतं, तिनं आणखी काय करावं?

आता ऐका, आणि हळहळायची घाई करू नका.

समारंभाला दोन दिवस उरले होते. साहेबांच्या विमानाचं ते जुनं, तडकलेलं काचेचं झाकण रणनवऱ्यांच्या देवघराशेजारी इतकी वर्षं मखमलीवर ठेवलेलं होतं. हवाईदलानं ते आठवण म्हणून कुटुंबाला दिलेलं. तेच या लाकडी विमानावर चढवायचं ठरलं होतं. गोधडीत गुंडाळून, चौघांनी झेलत ते शेडमध्ये आलं. नारळ फुटला. उन्हाचे ठिपके काचेवर पडले आणि तड्याच्या रेषेत विरघळले.

झाकण पुढून टेकलं. मागून टेकेना.

दाबलं, उचललं, फिरवलं, पुन्हा ठेवलं. मागं पाऊण इंचाची फट. पाऊण इंच अंधार, तोंड वासून बसलेला. "तेल लावा की जरा," कुणीतरी शहाण्यानं सुचवलं. समितीत एक इंजिनिअर होता. त्यानं खिशातला टेप काढला आणि विमान नाकापासून शेपटीपर्यंत मोजलं. नकाशात लांबी अठ्ठावीस फूट आठ इंच. भरली अठ्ठावीस फूट साडेअकरा.

"मिस्त्री, तुमची पट्टी बघू," इंजिनिअर म्हणाला.

भैरूनं पट्टी दिली. देता देताच त्याला उमगलं.

ओतलेलं लोखंड थंड होताना आखडतं. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी जगाच्या पट्टीहून वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा शेकड्याला एक भाग मोठा. नमुना मोठा करायचा, म्हणजे निवल्यावर वस्तू नेमकी उतरते. पन्नास वर्षं भैरूनं दुसरी पट्टी हाती धरली नव्हती. कशाला धरेल? घरचं कपाट त्याच पट्टीनं केलं, देव्हारा त्याच पट्टीनं केला, उत्तमचा पाळणाही त्याच पट्टीनं केला. आणि हे विमानही. अरे मिस्त्री, मिस्त्री! हे विमान कुठं ओतायचं होतं रे? हे थोडंच निवणार होतं, थोडंच आखडणार होतं? अकरा महिने डोळ्यांत तेल घालून, जीव ओतून, तू मोठ्या निष्ठेनं चुकत राहिलास.

"मालक," भैरू म्हणाला, "मागं शिवणीची पट्टी भरतो. सांजेपतूर सांधा दिसायचा न्हाई. तुमच्या पाया पडतो."

सर्जेराव हसले. फार गोड, फार मऊ हसले. शब्द देऊन अकरा महिने जो काटा त्यांच्या घशात अडकला होता, तो आज आपसूक निघत होता. वीर रणनवऱ्यांच्या शेजारी सुताराच्या पोराचं नाव! भावकी काय म्हणेल, आमदार काय म्हणतील, या विचारानं त्यांना मनापासून घास गेला नव्हता.

"पट्टी भरा," ते म्हणाले. "पण नाव काढा."

"मालक, शब्द दिलासा."

"दिला होता. अचूक कामाला दिला होता." आणि मग त्यांनी आवाज चढवला नाही, उलट उतरवला. शेडमधल्या सगळ्यांना तो तरीही ऐकू गेला. "मिस्त्री, बापाला अकरा महिन्यांत हे झाकण धड बसवता आलं नाही. पोरानं त्या दिवशी घाईघाईत बसवलेलं दादाच्या विमानाचं झाकण कसं बसलं असेल हो? दादा का परत आला नाही, ते आज कळलं आम्हाला."

समितीचे पाच जण उभे होते. एकानं घड्याळात पाहिलं, एकानं नारळाचं खोबरं तोंडात टाकलं. इंजिनिअर टेप गुंडाळत राहिला. चांगली, सज्जन, शिकलेली माणसं होती हो सगळी.

भैरूच्या उजव्या हाताशी लाकूड तासायचा वाकस पडलेला होता. तुम्हाला वाटलं असेल, आता म्हातारा तो उचलेल आणि त्या चंदेरी देहाचे तुकडे करील. मलाही वाटलं होतं. माझे तर हात शिवशिवत होते. पण तो उभा राहिला, नुसता उभा, आणि त्याच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट नाचू लागली: बावीस वर्षांचा पोरगा, तेलकट बोटं, झाकणाचा स्क्रू. पुरा फिरवला होता का? शेवटचा वेढा दिला होता का? पंचवीस वर्षांत हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. आता तो मरेपर्यंत पडणार होता. सर्जेरावांनी नाव काढण्याआधी ही निश्चिंती काढून घेतली, आणि त्यांना तिचा पत्ताही नव्हता.

"आमची माणसं ग्राइंडर मारतील," सर्जेराव म्हणाले.

"नगं," भैरू म्हणाला. "मी काढतो."

दुपार कलली. ठिपके पंखावरून सरकत भिंतीवर गेले, भिंतीवरून फिके होत निघून गेले. भैरूनं पटाशीला धार लावली. इतकी धार त्यानं कोरतानाही लावली नव्हती. आधी सुतार गेलं. मग भैरू गेलं. आपलंच नाव सोलताना माणसाला काय वाटतं, ते त्यालाच ठाऊक. त्याचा चेहरा कोरडा होता. मग म गेला, मग त्त गेला. उ शेवटी राहिला, एकटा, वाकडा, वळणदार, दूधखुळ्या पोरानं पाटीवर काढावा तसा. भैरूनं त्याच्यावर अंगठा ठेवला. मग रंधा फिरवला. सुवासिक, सोनसळी, सैल वेटोळी पायाशी पडत राहिली, आणि पंखाखालचं लाकूड तळहातासारखं सपाट झालं. वर चंदेरी रंगाचा हात मारला. सांजेपर्यंत मागची पट्टीही बसली. झाकण असं बसलं की सुईसुद्धा आत जाणार नाही.

घरी हौसाबाईनं विचारलं, "झालं का सगळं? नाव बरं हाय न्हवं?"

"हाय," तो म्हणाला.

काय करेल दुसरं? सांगेल, की तुझ्या लेकावर आज मालकानं साहेबांचं मरण लादलं? आणि मी माझ्या हातानं त्याचं नाव खरवडून आलो? जीभ रेटली नाही त्याची. तिनं ट्रंकेतून ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं, नाकाशी धरलं, डांबरगोळ्यांचा वास घेतला आणि खूश झाली.

समारंभाचा दिवस उजाडला निर्मळ, निरभ्र, नीलोत्पली. आकाशाला सुरकुती नव्हती. चौथऱ्यावर विमान झळाळत होतं. झेंडूच्या माळा, बँड, टोप्या, फेटे, भाषणं. सर्जेराव बोलताना दोनदा रडले. आमदारांनी फीत कापली. कुणीतरी विचारलं, बनवलं कुणी? "आमच्या फाउंडरीनं," असं उत्तर मिळालं.

गर्दी पांगेपर्यंत दोघं कडेला उभी होती. मग हौसाबाई म्हणाली, "चला की. पयला हात माझा म्हणालासा." पहिला कसला, हजारावा झाला असेल तो. भैरूनं तिला चौथऱ्याच्या पायऱ्या चढवल्या. पंख आला. सपाट, नितळ, निर्विकार पंख. क्षणभर भैरू तिथं थांबला. तिचा हात वर येऊ लागला होता, आंधळी बोटं हवेत चाचपडत होती.

त्यानं तो हात धरला आणि तिला चार पावलं पुढं नेलं. कॉकपिटखाली नेलं. तिथं त्याच्याच पटाशीची, त्याच्याच हातची, ताठ उठलेली अक्षरं होती. फ्लाइट लेफ्टनंट उदयसिंह रणनवरे. त्यांवर त्यानं तिचं बोट टेकवलं.

"हे बघ," तो म्हणाला. "उत्तम."

बोट चालू लागलं. प्रत्येक उंचवट्यावर चढलं, प्रत्येक वळणाला वळलं, प्रत्येक कान्यापाशी विसावलं. गालांवरून पाणी वाहू लागलं. तिनं ते पुसलं नाही, कारण दुसरा हातही तिनं नावावर ठेवला होता.

"अगं बया," ती म्हणाली, "किती लांब नाव कोरलंसा हो माझ्या लेकराचं!"

"हुद्द्यासकट कोरलंय," भैरू म्हणाला.

हिरव्या लुगड्यातली ती कृश मूर्ती चंदेरी विमानाला बिलगली, त्या नावावर तिनं गाल टेकला, मग पुन्हा पहिल्या अक्षरापासून बोट फिरवायला लागली. आणि बोट कुठं घसरू नये म्हणून भैरूनं, मान खाली घालून, तिचं मनगट धरून ठेवलं.