होशिनोबाईंचं तिकीट

टोकियो स्टेशनात यायेसूच्या दारानं आत शिरलेला एक माणूस मारुनोउचीच्या दारानं बाहेर पडला, तेव्हा त्याच्या हाताला दोन नातवंडं होती. मधल्या भुयारात कुठंतरी त्यानं लग्न उरकलं असणार. थाप नाही ही. माझ्या चुलतभावाच्या शेजाऱ्याचा तो सख्खा मामा. आमच्या नागाओकाचं बरं आहे, जिना चढलात की समोर गाडी. टोकियोत जिना चढलात की पुढं दुसरा जिना, तो चढलात की तिथं एक पाटी, आणि ती पाटी तुम्हाला पहिल्या जिन्याकडं पाठवते.

मी कोई मासे पाळतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि त्यातली साठ तरी थापा मारण्यात गेली, असं माझी बायको यासुए म्हणायची. एका हिवाळ्यात एवढं बर्फ पडलं की माझा एक लाल-पांढरा मासा तळ्यातून निघून थेट छपरावर जाऊन बसला, ही गोष्ट ऐकून गावातले सगळे हसतात. यासुए कधी हसली नाही. ती विचारायची, मग उतरवला कोणी?

तर त्या दिवशी यासुए माझ्या हातात होती. पांढऱ्या कापडातला अस्थिकलशाचा डबा, आणि वरून तिचाच जांभळा रुमाल बांधलेला. नुसतं पांढरं कापड दिसलं की गाडीत शेजारच्यांची पंचाईत होते. जेवणाचा डबा उघडावा की नाही, कळत नाही त्यांना. जांभळ्यात बांधलं की कोणालाही वाटावं, म्हाताऱ्यानं कोणासाठी तरी खरबूज नेलंय.

तिला बर्फाखाली राहायचं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून सांगत होती. वर्षातले चार महिने मी तुमच्यासाठी छपरावरचं बर्फ ओढते, मेल्यावर तेच बर्फ माझ्या डोक्यावर नको. मला माझ्या माहेरी नेऊन ठेवा, शिझुओकाला, चहाच्या मळ्याखाली. मी हो म्हटलं होतं. तो ती गेल्यापासूनचा एकोणपन्नासावा दिवस होता, आमच्यात त्याच दिवशी अस्थी जमिनीत ठेवतात. देवळातल्या गुरुजींनी एकची वेळ दिली होती आणि दोनला त्यांचं दुसरीकडं कार्य होतं. मेहुणा मासुओ स्टेशनवर घ्यायला येणार होता. त्यानं आदल्या दिवशी फोनवर एवढंच सुनावलं, की भावोजी, तुम्ही आजवर सांगितल्या वेळी कुठंच पोचलेला नाहीत, उद्या माझ्या ताईला तरी उशीर करू नका.

राग आला नाही. सात आठवडे काहीच येत नव्हतं. कडाक्याच्या थंडीत कोई तळाशी जाऊन बसतात. झोपलेले नसतात, जागेही नसतात, कल्ले तेवढे हलतात. त्या दिवसांत त्यांना खायला घालायचं नसतं, घातलं तर ते पोटात तसंच सडतं. लोक घरी येऊन चांगलं चांगलं बोलून जात होते आणि मी तळाशी बसून होतो.

तिकिटांचा घोळही त्यातलाच. नागाओकाच्या खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, किती जण? तोंडानं दोन म्हटलं. बावन्न वर्षं दोनच म्हणत आलो, मी काही ठरवून म्हटलं नाही. तिनं दोन तिकिटं दिली, दोघांच्या बाकावरची, खिडकीची जागा फुजी डोंगराच्या बाजूला. ती मी खिशात घातली. निघताना नागाओकाच्या तिकीट तपासणाऱ्या यांत्रिक फाटकात माझं घातलं, तिचं खिशातच राहिलं.

टोकियोला उतरलो तेव्हा पुढच्या गाडीला चोवीस मिनिटं होती. एका सुसाट शिंकानसेन गाडीवरून दुसऱ्या शिंकानसेनवर जायचं तर मध्ये एक फाटक लागतं. माणसं त्यातून अशी सुळकन जात होती, जणू फाटक नव्हतंच. मी दोन्ही तिकिटं एकदम सारली. फळ्या फटकन मिटल्या आणि घंटी वाजली. मागची रांग शेजारच्या फाटकाकडं वळली.

बाजूच्या खिडकीतून निळ्या गणवेशातला माणूस आला. छातीवर नाव होतं, कामेदा. पन्नाशीचा, चेहरा सपाट, पण बोलणं लोण्यासारखं. त्यानं दोन्ही तिकिटं उजेडात धरली. म्हणाला, आजोबा, हे तुमचं ठीक आहे. या दुसऱ्यावर आत आल्याची खूणच नाही.

“बरोबरच्या बाई कुठं आहेत?” त्यानं विचारलं.

आता तुम्ही म्हणाल, खरं सांगायला काय झालं होतं? झालं असं होतं, की ते वाक्य मी तोवर एकदाही उच्चारलं नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरनं उच्चारलं, गावात मासुओनं फोन केले, गुरुजींनी मेलेल्या माणसाला देतात तसं सहा अक्षरांचं नवं नाव लिहून पाटी दिली. मला कोणी बोलायला लावलंच नाही.

“मागून येतेय,” मी म्हणालो. “हळू चालते ती.”

कामेदाचा चेहरा बदलला. म्हातारी बाई, एकटी, तिकिटाशिवाय, आणि तीही टोकियो स्टेशनात. त्यानं मला खुर्ची आणून दिली, कागद घेतला आणि विचारू लागला. नाव? होशिनो. अंगात काय? चहाच्या पानासारखा हिरवा कोट. उंची? माझ्या खांद्याला. काही सवय? गोडाचं दुकान दिसलं की पाय रुततात. इथं मी थांबायला हवं होतं. पण तोंडाला साठ वर्षांचं वळण. शाळेत असताना ती आगगाडीच्या पुढं पळायची, हेही मी सांगितलं. कामेदानं ‘हळू चालतात’ हे लिहिलेलं सरळ रेघ मारून खोडलं.

मग त्यानं फोन उचलला आणि छतातून आवाज आला.

“नागाओकाहून आलेल्या होशिनोबाई, तुमच्या सोबतचे गृहस्थ शिंकानसेनच्या फाटकापाशी तुमची वाट पाहत आहेत.”

तीनदा. भुयारांत, फलाटांवर, जेवणाचे डबे विकणाऱ्या बायकांच्या डोक्यावरून, सगळीकडं. मी डबा मांडीवर धरून ऐकत होतो. आत काहीतरी हलेल म्हणून वाट पाहिली. हललं नाही. एवढंच वाटलं, की आवाज छान आहे, यासुएला आवडला असता.

घड्याळात अकरा मिनिटं उरली होती. ही गाडी गेली की पुढची तासानं, म्हणजे गुरुजी गेलेले, आणि मासुओ आयुष्यभर तेच काढणार. पण उठून सांगायचं, तर ते वाक्य आलंच. मी बसून राहिलो.

आठ मिनिटं उरली असतील. एक म्हातारी फाटकाशी आली. पाठीला पिशवी, पिशवीतून कांद्याच्या लांब पाती बाहेर डोकावणाऱ्या. धापा टाकत कामेदाला म्हणाली, मी होशिनो, नागाओकाची.

कामेदा एवढा खूश झाला की कमरेत वाकलाच. माझ्याकडं वळून म्हणाला, सापडल्या, आजोबा. म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आमच्या भागात होशिनो पोत्यानं आहेत. पण ही मी कधी पाहिलेली नव्हती.

“मी तुम्हाला ओळखत नाही,” ती म्हणाली.

“मग आलात कशाला?”

“नाव घेतलं म्हणून. मुलगी ओदावाराला असते. ती स्टेशनवर येत नाही, नोकरी आहे, दोन पोरं आहेत. मला कोणी शोधणार नाही, हे ठाऊक होतं मला. पण एवढ्या मोठ्यानं बोलावलं तर जाऊन बघायला नको?”

कामेदा एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. कागदावरचा हिरवा कोट आणि समोरचा तपकिरी स्वेटर जुळत नव्हता. त्यानं अगदी हळू विचारलं, की आजोबा, मग आपल्या बाई?

माझ्याजवळ निदान चार उत्तरं तयार होती. एकात ती क्योतोला पुढं गेली होती. पण ही बाई तीन जिने चढून, कांदे पाठीवर घेऊन, कोणी शोधत नसताना आली होती. हिच्यासमोर ती चारही हलकी वाटली.

मी डबा उचलला. जांभळ्या रुमालाचं एक टोक सोडलं, खालचं पांढरं कापड दिसलं.

“ही,” मी म्हणालो. “वारली. आज एकोणपन्नास दिवस झाले. तिकीट चुकून काढलं.”

बोललो. एवढंसं वाक्य होतं. छत कोसळलं नाही, माणसं सुळकन जातच होती.

कामेदानं टोपी काढली. आधी डब्याला वाकून नमस्कार केला, मग मला. मला वाटलं, आता म्हणेल की याचे पैसे परत घ्या. त्यानं तिचं तिकीट घेतलं, खिडकीत जाऊन त्यावर हातानं शिक्का मारला आणि दोन्ही हातांत धरून घेऊन आला. दिलं ते मला, पण बोलला डब्याशी.

“होशिनोबाई, आपण आत आल्याची नोंद झाली आहे. खोळंबा झाला, माफ करा.”

म्हातारी तोवर रुमालाशी झटत होती. गाठ तुम्ही बांधलीत वाटतं, म्हणाली. मी हो म्हटलं. वाटलंच, ती म्हणाली, अशी गाठ माशांच्या पिशवीला मारतात. तिनं ती सोडून नीट बांधली, वर दोन कान काढले. पुढं म्हणाली, बाईला फाटकात ताटकळत ठेवलंत, आणि वर मला पळवलंत. जा आता, गाडी चुकवाल.

कामेदानं घोषणा थांबवायला फोन केला होता. पण ते एवढं मोठं स्टेशन, निरोप पोचायला वेळ लागतो. सरकत्या जिन्यानं वर जाताना एकदा पुन्हा ऐकू आलं. नागाओकाहून आलेल्या होशिनोबाई. हा मी रचलेला भाग आहे, असं मासुओ म्हणतो. त्याला म्हणू दे.

खिडकीच्या जागेवर तिला ठेवलं, मी अलीकडं बसलो. फुजी दिसला का, असं मला गावात सगळ्यांनी विचारलं. मी पूर्ण वेळ तिच्या बाजूला बघत होतो आणि डोंगर त्याच बाजूला आहे, म्हणजे दिसला असणार.

शिझुओकाला साडेबाराला उतरलो. फाटकापलीकडं मासुओ काळ्या कोटात उभा होता, हातातल्या घड्याळाकडं बघत. या वेळी मी घोळ घातला नाही. एका वेळी एक, हे शिकलो होतो. आधी तिचं तिकीट घातलं. फळ्या उघडल्या. हात लांब करून डबा पलीकडं धरला, मासुओनं दोन्ही हातांनी घेतला, छातीशी लावला आणि म्हणाला, आलीस ताई. वेळेवर आलीस.

फळ्या मिटल्या. तिचं तिकीट मशीननं गिळलं, परत आलं नाही.

ती पलीकडं होती आणि मी अलीकडं. मध्ये गुडघ्याएवढ्या उंचीच्या दोन फळ्या. माझं तिकीट माझ्या हातात होतं, आत सारायचं तेवढंच काम, पण हात काही उचलेना. मागं रांग लागली. मासुओनं घड्याळाकडं बघणं सोडलं होतं.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग मी तिकीट घातलं.