आप्पांच्या अंगणातला उभा नारळ

विहिरीची जागा सांगणाऱ्या बाबू पाणाड्याच्या तळहातावरचा आडवा नारळ हळूच उभा राहिला आणि आप्पा सरपंचांच्या अंगणात जमलेल्या शंभरेक माणसांनी हात जोडले.

"पाताळातून गंगा येत्येय," बाबू डोळे मिटून म्हणाला. "आप्पांच्या पायरीशी वळत्येय."

गंगा पुढाऱ्याच्याच पायरीशी का वळते, हे भूगोलाच्या पुस्तकात दिलेलं नाही. माणसांनी तिथे चुन्याची फुली मारली.

वेदिका दापोलीहून आलेली. संकटात तगून राहणारी, सगळ्यांना सारखं देणारी गावं कशी घडवावीत, हा तिच्या संशोधनाचा विषय. तिच्या प्रकल्पातून गावाला एकच विहीर मिळणार होती आणि जागेच्या कागदावर सही तिची. खालच्या वाडीतल्या बायका उन्हाळ्यात चढण चढून पाणी नेतात, हे तिला पाठ होतं. पण अहवालात तिने बाबूवर अख्खं प्रकरण लिहिलं होतं, 'पारंपरिक जलज्ञान'. परिषदेत ते वाचलं तेव्हा टाळ्याही पडल्या होत्या.

सही करायला तिने पेन उघडलं, तेवढ्यात खालच्या वाडीतली मालन पुढे आली.

"बाबूदादा, डोल्यांना पट्टी बांधून दावा की."

"शक्तीची परीक्षा घेऊ नये."

"परीक्षा नको, सराव समजा."

लोक हसले. आता बाबूला माघार घेता येईना. वेदिकाने आपल्या ओढणीने त्याचे डोळे बांधले आणि त्याला अंगणभर फिरवलं. चुन्याच्या फुलीवरून तो दोनदा गेला, नारळ झोपलेलाच. आप्पांच्या स्कूटरशी मात्र ताडकन उठला.

मालनने नारळ स्वतःच्या तळहातावर आडवा ठेवला, बोटं किंचित खाली केली. नारळ उभा.

"तळहाताला जरा उतार दिला, की उठतो. कदी मुद्दाम, कदी आपल्यालाबी कलत नाय. जागा आदीच मनात धरलेली असली म्हंजे झालं."

"तुम्हांला हे कधीपासून माहीत?" वेदिकाने विचारलं.

"नारल रोज हातात असतो आमच्या."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"बाय, बाबूदादाला तू तीन दिवस इचारत होतीस. मला इचारलंस, हंडा किती लिटरचा."

वेदिकाने सहीसाठी उघडलेलं पेन मिटलं. आप्पांनी अहवालाची झेरॉक्स पुढे केली. "ताई, तुम्हीच लिवलंय ना हे?"

"मीच. न तपासता लिहिलं," ती म्हणाली. "हे प्रकरण मी मागे घेईन, जिथे वाचलं तिथेच उभी राहून. पाणी कुठे लागेल ते जमिनीची तपासणी करणारे सांगतील, पण तपासणी खालच्या वाडीपासून सुरू होईल. आणि एक विनंती. जो आपली परीक्षा घेऊ देत नाही, त्याच्या शब्दावर खड्डा खणू नका. तो बाबू असो, नाहीतर मी."